कोमट पाण्याचा सूट

सूट अंगात चढवून पाठीवरची चेन वर ओढली, की अण्णा समोर येऊन उभे राहत, गळ्याशी दोन बोटं खुपसत आणि मांजराच्या पिल्लासारखं आपल्याला धरून गदागदा हलवत. मग सोडून देऊन म्हणत, "आता भांड त्याच्याशी."

त्याच्याशी म्हणजे सुटाशी. किंवा मास्कशी, किंवा कमरेला बांधायच्या शिशाच्या पट्ट्याशी. ज्या वस्तूच्या भरवशावर पाण्याखाली जायचं, तिच्याशी आधी जमिनीवर मारामारी करायची आणि ती हरली तर फेकून द्यायची, हा त्यांचा नियम. त्यांच्या शेडच्या मागे अशा हरलेल्या वस्तूंचा ढीग होता. तुटलेले बक्कल, फाटलेले रबरी बूट, पोहताना पायात घालायचे, मधोमध मोडलेले फिन्स.

ही शेड होती बंगळूरच्या पीण्या या कारखान्यांच्या वस्तीत. शेजारी त्यांच्या मेव्हण्याचा रबरी वॉशर बनवण्याचा कारखाना होता आणि दिवसभर तिथल्या प्रेसचा धप् धप् आवाज चाले. समुद्र तिथून शेकडो मैल. पण त्या काळी बंगळूरमध्ये कुणाला पाणबुड्याचं सामान हवं असेल तर दुसरी जागा नव्हती. अण्णा मूळचे वेंगुर्ल्याचे. नौदलात पाणबुडे होते. कानाचा पडदा गेल्यावर बाहेर पडले आणि बायकोच्या माहेरी येऊन राहिले. बायकोचं घर चार पिढ्या बंगळूरचं. तिथे सगळे त्यांना अण्णा म्हणत, म्हणून आम्हीही. हाक कानडी, पण कोकणातही तीच चालते, त्यामुळे ती त्यांना बसली होती.

मी नागपूरची. पोहायला शिकले तेच मुळी नोकरीला लागल्यावर. आमच्या सरकारी संशोधन संस्थेत हौशी लोकांचा एक गट होता. त्यातल्या मूर्तीनं आणि मी लक्षद्वीपला जाऊन समुद्राच्या तळाशी उतरायचं ठरवलं. मूर्ती म्हैसूरचा. बारीक, मऊ बोलणारा, रांगेत कुणी पुढे घुसलं तरी बाजूला सरकून जागा देणारा. असे लोक तुम्हीही पाहिले असतील. कुणाच्या वाटेत येऊ नये म्हणून ते भिंतीच्या कडेनं चालतात.

पहिल्या दिवशी मी अण्णांना सांगितलं की मला अर्ध्या बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा सूट पुरे. तिथलं पाणी कोमट असतं असं मी वाचलं होतं. थंडीच वाजणार नसेल तर अंगभर रबर कशाला.

अण्णांनी फळीवरून मेलेल्या प्रवाळाचा एक तुकडा उचलला, माझं मनगट धरलं आणि तो तुकडा कोपरापासून खाली खस्सकन ओढला.

मी ओरडले. हातावर लाल रेघा उमटल्या आणि त्यातून रक्ताचे थेंब वर आले. मूर्ती पांढराफटक पडला.

"सूट थंडीसाठी नाही गो बाय," अण्णा म्हणाले. "सूट ह्याच्यासाठी. पातळ घे, पण मनगटापासून घोट्यापर्यंत घे."

ती जखम चिघळली. पंधरवडाभर ऑफिसात मी पूर्ण बाह्यांचे कपडे घालत होते आणि त्या माणसाचं तोंड पुन्हा बघायचं नाही असं ठरवलं होतं. तेव्हा एका संध्याकाळी त्यांची बायको माझ्या खोलीवर आली. तिला सगळे अक्का म्हणत. ठेंगणी, कपाळावर मोठं कुंकू. माझा हात उलटसुलट करून बघितला, पिशवीतून हळदीचं तेल काढून स्वतःच चोळलं आणि म्हणाली, "स्वल्प समजून घे त्यांना. हातच जिभेच्या आधी चालतो."

तुमच्यावरही चालतो का, असं मी रागाच्या भरात विचारून बसले.

अक्का शांतपणे म्हणाली की एकदा चालला होता, लग्नाच्या पहिल्या वर्षी. तिनं उलट पोळपाट मारला. त्यांच्या कपाळाला टाके पडले. त्यानंतर नाही. "त्यांना टाक्यांचा राग नाही आला," ती म्हणाली. "उलट चार लोकांना कौतुकानं सांगत होते."

मी परत गेले. का गेले ते नीट सांगता येणार नाही, पण गेले. अण्णांनी जणू काही घडलंच नव्हतं अशा थाटात माझ्या मापाचा पातळ, पूर्ण लांबीचा सूट काढून ठेवला होता. मास्क निवडताना त्यांनी मागचा पट्टा काढून टाकला, मास्क चेहऱ्यावर नुसता टेकवला आणि नाकानं श्वास ओढायला लावला. मास्क चिकटून राहिला तर आपला, पडला तर दुसऱ्याचा. चिकटलेल्या मास्कवर मग त्यांनी बाजूनं एक जोरदार चापट मारली. तरीही तो राहिला. "हा घे," म्हणाले. माझे डोळे पाण्यानं भरले होते.

हातमोजे मात्र त्यांनी दिले नाहीत. हातात मोजे असले की माणूस जे दिसेल ते धरतो, आणि समुद्रात धरण्यासारखं काही नसतं, असं त्यांचं म्हणणं.

सराव एका क्लबच्या पोहण्याच्या तलावात चाले, सकाळी, सभासद यायच्या आत. अण्णा पाण्याखाली पाठीमागून यायचे आणि आपला मास्क उपटायचे. तोंडात धरून श्वास घ्यायचा रेग्युलेटर हिसकावून घ्यायचे. कधी पाठीवरच्या टाकीची हवाच बंद करायचे आणि समोर बसून आपण काय करतो ते बघायचे. मी पहिल्या आठवड्यात शिव्या शिकले, त्याही कानडीत. मूर्ती मात्र दर वेळी हात सोडून द्यायचा आणि निमूट वर यायचा. जणू पाणी हे कुणा साहेबाचं ऑफिस होतं आणि त्याला बाहेर जायला सांगितलं होतं.

अण्णांना ते सहन व्हायचं नाही. काठावर बसवून ते त्याला कानडीत सांगायचे की अरे मार मला. तुझी हवा घेतोय मी आणि तू मला वाट करून देतोस? मूर्ती हसून मान हलवायचा. असं महिनाभर चाललं. त्याला समुद्रावर नेणार नाही, असं अण्णांनी शेवटी जाहीर केलं.

त्यानंतरच्या रविवारी तलावात अण्णांनी त्याचा रेग्युलेटर ओढला आणि मूर्तीची मूठ त्यांच्या तोंडावर बसली. मग दुसरी बसली. मग त्यानं त्यांचा गळा धरला आणि स्वतःच्या तोंडात हवा परत येईपर्यंत सोडला नाही. वर आले तेव्हा अण्णांचा ओठ फुटून हनुवटीपर्यंत रक्त आलं होतं. मूर्ती माफी मागत होता आणि अण्णा त्याची पाठ थोपटत होते. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी आम्हाला तिघांच्या पोटात मावणार नाहीत इतके डोसे खिलवले.

आता एक वेगळा प्रसंग सांगते, कारण तो सांगितल्याशिवाय हा माणूस तुमच्यासमोर अर्धाच उभा राहील.

मी शेडवर फिन्स बसवून बघायला गेले होते तेव्हा पोलिसांची जीप आली. हेब्बाळच्या पुढे दगडाच्या खाणीत साचलेल्या पाण्यात कुणी तरुण उडी मारून बुडाला होता. असं वर्षातून बरेचदा व्हायचं आणि बोलावणं अण्णांना यायचं. त्यांनी टाकी उचलली, मला म्हणाले वजनांची पिशवी धर आणि चल.

खाणीचं पाणी काळं होतं. काठावर माणसांची भिंत. मेलेल्याचा बाप आणि दोन भाऊ अगदी पुढे उभे होते. अण्णा खाली गेले, रिकामे वर आले, पुन्हा गेले. लोक कुरकुरायला लागले. शेवटी वर आले तेव्हा त्यांच्या कवेत तो होता. कपारीवर आपटून त्याचं कपाळ उघडं झालं होतं.

भावानं ते कपाळ बघितलं आणि कुणीतरी मागून ओरडलं की ह्यानं गळ टाकून पोराला ओढलंय. मग ते सगळे अण्णांवर तुटून पडले. आधी चपला, मग काठी. कुणीतरी दगड मारला तो कानशिलावर लागला. मी ओरडत होते पण माझं कोण ऐकतो. आणि मी वाट बघत होते की आता अण्णांचा हात उठेल. तो हात मी ओळखत होते.

उठला नाही. ते गुडघ्यावर बसले होते आणि त्यांच्या दोन्ही तळव्यांत त्या मुलाचं डोकं होतं. खाली खडक होता. डोकं खडकावर आपटू नये म्हणून त्यांनी ते धरून ठेवलं होतं, आणि पोलिसांनी लोकांना बाजूला करेपर्यंत तसंच धरलं.

परत येताना जीपमध्ये मी विचारलं की तुम्ही एकालाही का नाही मारलं. त्यांनी रुमालानं कान दाबून धरला होता.

"त्यांना कुणाला तरी मारायचंच होतं," ते म्हणाले. "मी समोर होतो."

पाऊस संपल्यावर आम्ही तिघं कोचीहून जहाजानं बेटावर पोचलो. पहिले काही दिवस असे गेले की त्यांच्याबद्दल सांगायला शब्द कमी पडतात. तो पातळ सूट अंगावर आहे हेही मी विसरून जायची. मूर्ती पाण्याखाली हसायचा, त्यामुळे त्याच्या मास्कमध्ये पाणी शिरायचं.

शेवटच्या दिवशी आम्ही प्रवाळाच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला उतरलो. तिथे तळ दिसत नाही, नुसता निळा रंग खाली काळा होत जातो. अण्णा थोडे वर होते. अचानक एक प्रवाह आला आणि त्यानं मला आणि मूर्तीला भिंतीवर घासत खाली ओढायला सुरुवात केली. माझा फिन मूर्तीच्या तोंडावर लागला की खडक लागला, कळलं नाही. त्याचा रेग्युलेटर सुटला. प्रत्येकाच्या छातीशी एक जादा रेग्युलेटर लटकत असतो. त्याच्याही होता. त्याला तो आठवला नाही.

त्याला मी दिसले. त्यानं माझ्या तोंडातली हवा हिसकावली. मी जादा नळी शोधायला हात खाली नेला, तर त्याचे दोन्ही हात माझ्या गळ्याभोवती आले होते. तो मला ओळखत नव्हता. मास्कच्या काचेमागे त्याचे डोळे एवढे मोठे होते. मी त्याच्या बोटांना ओरबाडत होते. छाती फुटेल असं वाटलं, मग कडेनं अंधार यायला लागला.

अण्णा वरून आले. त्यांनी आधी स्वतःची जादा नळी मूर्तीसमोर धरली. त्यानं बघितली नाही. मग त्यांनी त्याची बोटं सोडवायचा प्रयत्न केला. बोटं सुटेनात. तेव्हा त्यांनी पायाशी बांधलेली सुरी काढली, ती उलटी धरली आणि तिच्या पोलादी मुठीनं मूर्तीच्या तोंडावर मारलं. पहिल्या फटक्यानं काही झालं नाही. दुसऱ्या फटक्याला मास्कची काच फुटली.

खोल पाण्यात रक्त लाल दिसत नाही. हिरवं दिसतं. ते हिरवं माझ्या तोंडाभोवती पसरत असताना गळ्यावरची बोटं सुटली, अण्णांनी स्वतःची जादा नळी माझ्या तोंडात कोंबली आणि हवा आली.

तेवढ्या खोलीवरून झरकन वर येता येत नाही. आलं तर रक्तात बुडबुडे होऊन माणूस मरतो. म्हणून अण्णांनी एका मुठीत आम्हा दोघांच्या सुटांचे गळे धरले, दुसऱ्या हातानं मूर्तीच्या तोंडात रेग्युलेटर दाबून धरला आणि हळूहळू वर आणलं. मध्ये थांबावं लागलं. मूर्ती तडफडत होता, त्याचा डोळा वाहत होता, आणि अण्णा त्याला वर जाऊ देत नव्हते. बोटीवरून सोडलेल्या दोरीला लोंबकळत आम्ही तसे राहिलो. त्या वेळात अण्णांनी एकदाही त्याच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही.

मूर्तीचा डावा डोळा गेला. कोचीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तो काढला.

पोलीस आले. त्यांनी तिघांना वेगवेगळं विचारलं तरी आम्ही एकच सांगितलं, कारण जे घडलं ते एकच होतं. मूर्तीची आई म्हैसूरहून आली आणि व्हरांड्यात अण्णांच्या छातीवर मुठी मारत राहिली. ते उभे राहिले. डोक्याला पट्टी बांधलेल्या मूर्तीनं आतून हाक मारली आणि आईला कानडीत सांगितलं की अम्मा, ह्यांनी आणलं म्हणून मी आहे. तिनं ऐकलं की नाही माहीत नाही. अण्णांनी ऐकलं, पण त्याचा त्यांना काही उपयोग झाला नाही.

रेल्वेत परतताना ते माझ्याशी एकदाच बोलले. "मीच शिकवलं त्याला," ते म्हणाले. "तो नुसता सोडून द्यायचा. गळा धरायला मीच शिकवलं."

मी म्हटलं की नसतं शिकवलं तर तो बुडाला असता. त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती.

त्यानंतरचे अण्णा तुम्ही पाहिले असते तर तुम्हाला आवडले असते. सगळ्यांना आवडले. ते सगळ्यांना अहो-जाहो करू लागले. तलावात ते काठावर बसून सूचना देत आणि पाण्याखाली गेले तरी हात पाठीमागे बांधून ठेवत. नवीन येणारे म्हणत, किती शांत शिक्षक आहेत. मास्क चेहऱ्यावर टेकवून ते विचारत, "बरा वाटतो ना?" समोरच्यानं हो म्हटलं की पुढे जात. मूर्ती काचेचा डोळा बसवून घेतल्यावर त्यांच्याकडे जायचा, कॉफीची पूड घेऊन. एकदा तो म्हणाला, मला परत शिकवा, तसंच, पूर्वीसारखं. अण्णा उठून आत गेले आणि तो निघून जाईपर्यंत बाहेर आले नाहीत.

अक्का मला म्हणाली, "भांडी फोडायचे तेव्हा घरात माणूस आहे असं वाटायचं." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "सरी, चालायचंच. आता भांडी तरी राहतात."

दोनेक वर्षांनी शेड बंद झाली. मेव्हण्यानं तिथे अजून दोन प्रेस टाकले. अण्णा आणि अक्का वेंगुर्ल्याला गेले आणि तिथून त्यांची खुशाली येणं हळूहळू थांबलं. शेवटचं मी त्यांना पाहिलं ते शेड बंद होण्याआधीच्या उन्हाळ्यात.

त्या दुपारी महादेवपुऱ्याकडच्या एका कॉम्प्युटर कंपनीतला पुण्याचा मुलगा आला होता. नवी मोटरसायकल, नवे बूट. तो अंदमानला निघाला होता आणि त्याला सगळ्यात जाड सूट हवा होता. तो दिसायला भारी होता, छातीवर पिवळे पट्टे. कोमट पाण्यासाठी तो सूट घेणं म्हणजे उन्हात गोधडी पांघरण्यासारखं. शिवाय जाड रबर पाण्यावर तरंगतं, खाली जायला कमरेला शिशाचा डोंगर बांधावा लागतो. हे मला माहीत होतं ते अण्णांमुळेच.

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात टेबलावर होता. बोटं मिटली, पुन्हा उघडली.

"कोमट असतं तिथलं पाणी," ते म्हणाले. "पातळ बघता का?"

मुलगा म्हणाला, नको सर, हाच मस्त आहे.

"मग तुम्हाला बरा वाटेल तो न्या," अण्णा म्हणाले.

त्यानं सूट मागच्या सीटला बांधला. नंतर कुणाकडून तरी कळलं की त्या सुटात तो बोटीवरच उन्हानं चक्कर येऊन पडला आणि पाण्यात उतरलाच नाही. धडधाकट परत आला. पण त्या दुपारी हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. मोटरसायकल सुरू झाली, फाटकाबाहेर गेली, आणि अण्णा खुर्ची पाडून उठले. चप्पल न घालता ते धावले. मी त्यांच्या मागे गेले. फाटकाशी पोचेपर्यंत मुलगा रस्त्याला लागला होता. अण्णांनी त्याला थांबवायला हात उंच केला. तोंड उघडलं, पण प्रेसच्या आवाजात त्यातून काही बाहेर आलं की नाही मला कळलं नाही.

मुलानं आरशात पाहिलं. त्याला वाटलं, सर निरोप देतायत. त्यानंही हसून हात हलवला आणि ट्रकांच्या मधून दिसेनासा झाला. अण्णा तापलेल्या डांबरावर अनवाणी उभे होते, हात तसाच वर.